तुम्ही विचारलंत म्हणून: डाव्या खांद्यावरची ठासणीची बंदूक

"मी डावखुरा आहे. ठासणीची बंदूक डाव्या खांद्याला लावून चालेल का, की उजव्यावर यायलाच हवं?" सोलापुरातल्या नेमबाजीच्या हौशी मंडळींकडून हा प्रश्न वरचेवर येतो. चालेल. पण नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची ही बंदूक चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारी) आहे की टोपीची (घोड्याच्या ठोक्यानं फुटणाऱ्या छोट्या टोपीनं पेटणारी), यावर बरंच ठरतं. आणि त्याही आधी डोळा तपासायला हवा.

दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा आणि तिच्यातून दूरचा विजेचा खांब बघा. मग एकेक डोळा मिटा. उघड्या राहिलेल्या ज्या डोळ्याला खांब फटीतच दिसतो, तो तुमचा नेमाचा डोळा. हात डावा आणि डोळा उजवा असे पुष्कळ लोक असतात. त्यांनी शिकतानाच उजवा खांदा धरलेला बरा, कारण या बंदुकीत बार भरण्याचं काम तसंही दोन्ही हातांचं असतं. डोळा डावा निघाला तर मात्र कुणी काहीही सांगो, डावा खांदा सोडू नका.

आता खरी अडचण. जुन्या धाटणीच्या बहुतेक बंदुकांचं लॉक, म्हणजे घोडा, रंजकदाणी (रंजक म्हणजे पेटवणीची दारू ठेवायची वाटी) आणि कान (तिथून नळीत आग नेणारं भोक), उजव्या अंगाला असतं. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो, त्यामुळे भडका पलीकडे उडतो. डावखुऱ्याचा गाल उजव्या बाजूला, म्हणजे लॉकच्याच बाजूला येतो. नेम डाव्या डोळ्यानं धरलेला असला, तरी उजवा डोळा रंजकदाणीच्या जवळपास मागे असतो. रंजक पेटताना गारगोटीच्या कपच्या आणि जळते कण उडतात, कानातून आडवा झोत निघतो. बाजूनंही झाकणारा पॉलिकार्बोनेटचा चष्मा नसेल तर डाव्या खांद्यावरून चकमकीची बंदूक मारूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अंगात पूर्ण बाहीचा सुती सदरा हवा आणि उजवं कोपर खाली हवं. कोपर बाहेर काढलं की हात झोताच्या वाटेत येतो. या भडक्यानं डोळे आपोआप मिटतात, मान मागे जाते आणि गोळी भलतीकडे लागते. डावखुऱ्यांचा नेम बिघडतो तो बहुतेक इथे.

टोपीच्या बंदुकीत हा त्रास बराच कमी होतो. घोड्याचं तोंड वाटीसारखं खोल असतं आणि फुटलेल्या टोपीच्या चिंध्या त्यात अडकतात. म्हणून टोपीची घेणाऱ्यांनी डाव्या लॉकसाठी जादा पैसे घालू नयेत. फक्त दस्ता सरळ असल्याची खात्री करा, कारण उजव्यांसाठी बाहेर वळवलेल्या दस्त्यावर तुमचा डोळा माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेच्या) रेषेत येत नाही. चकमकीची घेणार असाल तर मात्र डावं लॉक घ्याच. उजवं लॉक उलटं करून बसवता येत नाही. पट्टी, घोडा, पोलादी झाकण, आतल्या कमानी हे सगळं आरशातल्यासारखं उलटं घडवावं लागतं आणि नळीला कानही डावीकडे लागतो. असा फेरफार घरी करायचा नसतो, परवाना असलेल्या कारागिराकडूनच करवून घ्यायचा. बार उडू शकणारी बंदूक कितीही जुन्या धाटणीची असली तरी तिला परवाना लागतो. सोलापूर शहरात तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून.

भरण्याचा क्रम दोन्ही हातांना सारखाच. अर्ध्या इंच व्यासाच्या नळीसाठी तीन एफची (बारीक दाण्याची) काळी दारू सुमारे ६० ग्रेन, म्हणजे चार ग्रॅमच्या आसपास. पण बनवणाऱ्यानं सांगितलेली मर्यादा पहिली. दारू ती ठेवायच्या शिंगातून थेट ओतायची नाही, मापातूनच ओतायची. धूर न करणारी आधुनिक दारू तर कधीच नाही, नळी फुटते. मग चिंधीत गुंडाळलेली ०.४९० इंचाची शिशाची गोळी. गज (ठासायची दांडी) तोंडाजवळ वीतभर अंतरावर धरून थोडा थोडा ढकलावा. लांबून धरलेला गज मोडला तर हातात घुसतो. गोळी दारूवर टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून गजावर खूण करून ठेवा.

रंजक सगळ्यात शेवटी. डावखुरे इथे हमखास चुकतात. बंदूक उजव्या हातात तोलून डावा हात नळीवरून पलीकडे नेतात, बंदूक कलते, रंजक सांडतं आणि नळीचं तोंड शेजाऱ्याकडे वळतं. त्याऐवजी दस्ता डाव्या हातानं कमरेशी धरा, नळी लक्ष्याकडे ठेवा आणि रंजक उजव्या हातानं घाला. घोडाही उजव्याच हातानं पूर्ण चढवा, कारण घामेजलेला डावा अंगठा पलीकडच्या घोड्यावरून निसटतो. रंजकानं कान बुजवू नका, नाहीतर ते वातीसारखं जळत जातं आणि बार उशिरा होतो. फुसका बार झाला तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान एक मिनिट थांबा.

चिंधीसाठी मांजरपाट उत्तम, आणि तो आपल्या गावात सहज मिळतो. मात्र आधी धुऊन खळ काढा आणि एक धागा जाळून बघा. राख झाली तर कापूस, मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टर नळीत वितळून चिकटतं. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात नळीतली काजळी इतकी कडक होते की तिसरी-चौथी गोळी अडून बसते. दर वेळी बार उडवल्यावर ओलसर आणि मग कोरडी चिंधी फिरवा. पावसाळ्यात उलट होतं, काजळी हवेतली ओल ओढते आणि रंजकदाणीत चिखल होतो. तेव्हा दाणी प्रत्येक वेळी पुसा.

डावं लॉक घेतलंत तर तुमचा झोत डावीकडे जाईल, आणि तुमच्या डावीकडे उभ्या उजव्या हाताच्या नेमबाजाचा झोत तुमच्याकडे येईल. रांगेत अगदी डावं टोक मागून घ्या.