तीन पत्ती येणाऱ्यांसाठी टेक्सस होल्डेम

तीन पत्ती खेळणाऱ्याला टेक्सस होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकायला अर्धा तास पुरतो, पण त्यातला बराचसा वेळ जुन्या सवयी मोडण्यात जातो.

सुरुवात 'ब्लाइंड' या शब्दापासूनच. तीन पत्तीत पानं न बघता खेळलं की ब्लाइंड. इथे पानं सगळेच बघतात. ब्लाइंड म्हणजे वाटण्याआधी लावावीच लागणारी रक्कम. बूट सगळे भरतात, ब्लाइंड मात्र दोघंच. ज्याच्यापुढे बटण नावाची चकती, तो त्या डावाचा वाटणारा. त्याच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड भरतो, समजा 5 चिप्स, आणि त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड, 10. दर डावाला बटण एक जागा डावीकडे सरकतं. दोघंच खेळत असतील तर बटणवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो.

प्रत्येकाला दोन पानं उपडी मिळतात. बिग ब्लाइंडच्या डावीकडचा पहिला बोलतो: फोल्ड (आपलं पॅक), 10 लावून कॉल, नाहीतर रेझ, म्हणजे वाढ. वाढ निदान आधीच्या वाढीइतकी हवी. कुणी 10 चे 30 केले तर वाढ 20 ची झाली, म्हणून पुढच्याला वाढवायचं असेल तर किमान 50. कुणीच वाढवलं नाही तरी बिग ब्लाइंडवाल्याला शेवटी वाढवायचा हक्क असतो. घरच्या खेळात वाटणारा घाईने पानं उघडतो आणि नेमका हाच हक्क बुडतो.

मग वरचं एक पान न बघता बाजूला टाकून मधे तीन पानं उघडायची, तो फ्लॉप. चौथं टर्न, पाचवं रिव्हर. त्या दोन्हींआधीही एकेक पान बाजूला जातं. वरच्या पानाच्या पाठीवर खूण असलीच तर तिचा फायदा कुणाला मिळू नये, एवढ्यासाठी. प्रत्येक टप्प्यावर बोली होते, आणि फ्लॉपपासून ती बटणाच्या डावीकडे डावात उरलेल्या पहिल्या खेळाडूपासून सुरू होते.

शेवटी हातातली दोन आणि मधली सगळ्यांची पाच, अशा सात पानांतली सर्वांत भारी पाच धरायची. त्यात हातातली दोन्ही असोत, एक असो, किंवा एकही नसो.

सगळ्यात जास्त वाद होतात ते क्रमावरून. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, होल्डेममध्ये कलर, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सला मारतो. दोन्हीकडे कारण एकच, दुर्मीळपणा. तीन पानांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096 बनतात. पाच पानांत स्ट्रेट, म्हणजे सिक्वेन्स, 10,200, तर फ्लश फक्त 5,108. ही मोजणी एकदा पटली की क्रम पाठ करावा लागत नाही. वरून खाली: स्ट्रेट फ्लश, चार सारखी, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), फ्लश, स्ट्रेट, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, हाय कार्ड. ट्रेलच्या भरवशावर बसणाऱ्याने बघून ठेवावं, तीन सारखी इथे स्ट्रेटच्याही खाली आहेत. एक्का-2-3-4-5 हा सर्वांत छोटा स्ट्रेट.

जोडी दोघांची सारखी असेल तर उरलेल्या पानांवर, म्हणजे किकरवर, निकाल लागतो. मधे एक्का, 9, 6, 4, 2 आहेत आणि फ्लश कुणाचाच नाही. तुमच्याकडे एक्का-राजा, समोर एक्का-गुलाम, डाव तुमचा. पण मधे एक्का, राजा, राणी, 9, 4 असतील आणि हातात एक्का-7 विरुद्ध एक्का-3, तर दोघांचीही पाच पानं एक्का-एक्का-राजा-राणी-9. 7 मोजलाच जात नाही, पॉट निम्मा-निम्मा. इस्पिक मोठं की बदाम, हा प्रश्न इथे येतच नाही.

राहिला ऑल-इन. एकाकडे 40 चिप्स, दोघांकडे शंभर-शंभर, आणि तिघांनीही सगळं लावलं. तिघांचे 40 मिळून 120 चा मुख्य पॉट. दोघांचे उरलेले 60-60 मिळून 120 चा साइड पॉट, ज्यावर 40 वाल्याचा हक्क नाही. ढीग लावतानाच वेगळे करा, आणि पानं दाखवताना साइड पॉटचा निकाल आधी लावा.