एका ऑराटस नरापायी सात आठवडे: सिक्लिडच्या मारामारीचा माझा अनुभव

सगळ्यात आधी सांगतो, दुकानात 'मिक्स आफ्रिकन' म्हणून पिशवी देतात ना, आफ्रिकेतल्या तलावांतल्या सिक्लिड कुळातल्या माशांची, ती घेऊ नका. ज्या माशाचं नाव दुकानदाराला सांगता येत नाही तो मासा घ्यायचाच नाही. माझं सगळं त्या एका पिशवीपासून सुरू झालं आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

देवगडला घरी चार बाय दीड बाय दीड फुटाचा टँक आहे, साधारण अडीचशे लिटरचा. तो बसवला, सायकल केला (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू दिले), काही अडचण आली नाही. फक्त आमची विहीर जांभ्यातली, पाणी मऊ, पीएच सातच्या खाली, आणि हे मासे आफ्रिकेतल्या मालावी तलावातले, त्यांना साधारण ७.८ ते ८.६ लागतो. मग किनाऱ्यावरचे शिंपले आणले, उकळले, फोडले आणि जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवले. पीएच हळूहळू चढला आणि टिकला.

त्या पिशवीत दहा पिल्लं होती, सहा यलो (पिवळ्या रंगाची एक सिक्लिड जात) आणि चार पिवळी पण अंगावर काळे पट्टे असलेली. "सगळे शांत आहेत भाऊ, एकत्र राहतात," असं मला सांगितलं. ती पट्टेवाली ऑराटस जातीची निघाली, आणि एम्बुनामध्ये, म्हणजे मालावीच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडमध्ये, ऑराटस म्हणजे सगळ्यात तापट म्हणून ओळखले जाणाऱ्यांपैकी. त्यांची पिल्लं आणि माद्या पिवळ्या दिसतात, पण जो नर वरचढ होतो त्याचा पिवळा रंग जाऊन तो काळपट होतो आणि पट्टे फिकट निळसर दिसायला लागतात. पाच महिन्यांनी एक तसा झाला आणि पंधरा दिवसांत दोन यलो मेले. बाकीचे हीटरमागे वरच्या कोपऱ्यात, पंख मिटून, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. मासा असा वरच्या कोपऱ्यात राहायला लागला तर ताबडतोब काढा, मी दोन दिवस थांबलो तेच चुकलं.

आई रोज बघायची. म्हणाली, "ह्यो मासो दुसऱ्यांका जगाक देवचो नाय." तिला माझ्याआधी कळलं होतं.

मग दगड सगळे काढून नव्याने रचले, म्हणजे कुणाचीच जुनी हद्द राहत नाही. चार दिवस शांतता, पाचव्या दिवशी परत तेच. तापमान २८ वरून २५ वर आणलं, थोडा फरक पडला. त्याला भोकं असलेल्या प्लास्टिकच्या टोपलीत घालून टँकमध्येच आठ दिवस ठेवला, सोडल्यावर तीन दिवस गप्प, नंतर पुन्हा राजा. चार फुटात हा नर बसत नाही हे मला मान्य करावं लागलं.

आता खरा त्रास. दुकानात फोन केला, मासा परत घ्या, पैसे नकोत. "सोमवारी या." सोमवारी गेलो तर टँक रिकामा नाही म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात मालक मुंबईला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मालक स्वतः समोर बसलेला आणि म्हणतो, मोठा झालेला मासा आम्ही घेत नाही. अहो, हे पहिल्या फोनवरच सांगायचं होतं ना! प्रत्येक वेळी मी झाकणाच्या बादलीत मासा घालून, बॅटरीवरचा एअर पंप लावून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून जातोय आणि तसाच परत येतोय. असे तीन हेलपाटे. तेवढ्या काळात घरी टोपली, टँक, टोपली, टँक, आणि तिसरा यलो गेला. तो गेला त्या रात्री मला झोप आली नाही, कारण तो वाचला असता.

शेजारचे काका म्हणाले, "व्हाळात सोडून दी," म्हणजे ओढ्यात. हे कुणीही करू नका, अगदी कंटाळलात तरी. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला, तोही सिक्लिडच, आणि आज कुठल्या कुठे पसरलाय. आपल्या खाडीतलं कालुंदर हे आपलं स्वतःचं सिक्लिड, त्याच्या वाट्याला आणखी एक परका कशाला.

शेवटी ओळखीतून कोल्हापूरचा एक मुलगा मिळाला, त्याच्याकडे सहा फुटी टँक, त्यात नुसते दांडगे नर. सातव्या आठवड्यात ऑक्सिजन भरलेली पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवली, आदल्या दिवशी माशाला खायला दिलं नाही म्हणजे पाणी घाण होत नाही, आणि फोंडा घाटातून एसटीने नेला. पिशवी त्या मुलाच्या हातात दिली तेव्हा इतकं हलकं वाटलं की परतीच्या गाडीत पूर्ण वेळ झोपलो.

उरलेल्यांसाठी आणखी सहा यलो आणले, सगळे एकाच वेळी, दगड हलवून, लाइट बंद करून सोडले. एकेक करून सोडलात तर नवीन येणारा एकटा मार खातो. एका नरामागे निदान तीन माद्या हव्यात, आणि दगड असे रचा की टँकच्या एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला दिसणार नाही. दाटीने मासे ठेवले की मार वाटला जातो हे खरं, पण मग फिल्टर दणकट हवा आणि दर आठवड्याला निम्म्याच्या आसपास पाणी बदलायला हवं, कारण पीएच जास्त असला की अमोनिया जास्त विषारी ठरतो. खाणं स्पिरुलिनाचं (एक प्रकारचं शेवाळ) द्या.

एक राहिलं. ऑराटस द्यायचे तर सगळे एकदम द्या. दबलेला नर मादीसारखाच पिवळा राहतो, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. काळा गेल्यावर पंधरा दिवसांनी मी मादी समजत होतो त्यातल्या एकाचं पोट काळं पडायला लागलं. दुकानात नाही गेलो, त्याच दुपारी कोल्हापूरला फोन केला आणि रविवारी तिघेही घाट चढून गेले.