‘तिखट चालतं का?’ – छंगतूतले तीन महिने

2018 साली कंपनीने मला तीन महिन्यांसाठी छंगतूला धाडलं. आपल्या पेपरात चेंगडू छापतात, पण तिथे कुणाला चेंगडू म्हणून विचाराल तर काही कळणार नाही. सिचुआन प्रांताची राजधानी, दीड कोटीच्या वर वस्ती आणि आभाळ कायम करडं. तिकडे जुनी म्हणच आहे की सिचुआनातली कुत्री सूर्य दिसला की भुंकतात. मी पहिल्या पंधरा दिवसांत दोनदा ऊन बघितलं, कुत्रं काही भुंकलं नाही, पण ऑफिसातली अर्धी जनता खिडकीशी जाऊन फोटो काढत होती.

परदेशी माणूस म्हणजे लाओवाय. लिफ्टमध्ये, मेट्रोत, दुकानात हा शब्द हळू आवाजात कानावर येतोच, त्यात शिवी वगैरे काही नसते, आपण नाही का गावात कुणी गोरा दिसला की ‘अरे फॉरेनर’ म्हणत, तसंच. मी गोरा नाही त्यामुळे त्यांचा जरा गोंधळ व्हायचा. टॅक्सीवाला आरशातून निरखून निरखून शेवटी विचारायचा, पाकिस्तान? मी म्हणायचो ‘यिन्तू’, म्हणजे इंडिया, की लगेच ‘आमिर खान!’ आदल्याच वर्षी त्याचा कुस्तीचा सिनेमा तिकडे तुफान चालला होता, त्याला तिथे लाडाने, आमिरमधला ‘मि’ घेऊन, ‘मि काका’ अशा अर्थाचं नावच पडलंय. त्यानंतर ठरलेले प्रश्न यायचे. ट्रेनच्या टपावर बसून जाता का, बायकांना रात्री बाहेर पडता येतं का, आणि ते रोटी हवेत भिरकावून करतात ते तुम्ही घरी पण करता का. हा शेवटचा प्रश्न मला झेपेचना, मग कळलं की तिथे ‘भारतीय उडती पोळी’ नावाचा पदार्थ मिळतो आणि त्यांच्या लेखी आपलं जेवण म्हणजे तेवढंच. माझ्या आईने आयुष्यात कधी पोळी भिरकावलेली नाही, तिच्याकडे तर भाकरी आणि भात.

पण सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे तिखट चालतं का. हॉटेलवाला, सहकारी, वॉचमन, सगळे. आणि मी कोकणातला माणूस, जरा तोऱ्यातच सांगायचो, चालतं म्हणजे काय, लहानपणापासून खातोय.

पहिल्याच शुक्रवारी टीमने हॉटपॉटला नेलं. टेबलाच्या मधोमध भोक, त्यात शेगडी, वर लाल तेलाने भरलेलं पातेलं आणि त्यात मिरच्या तरंगतायत, मुठीने टाकल्यासारख्या. प्रत्येकाला वाटीत तिळाचं तेल आणि ठेचलेला लसूण, शिजलेलं मांस, कमळकाकडी, मशरूम त्यात बुडवून खायचं. पहिला घास ठीक गेला, दुसरा ठीक, तिसऱ्याला ओठांवर काहीतरी सरसरायला लागलं, जीभ बधीर झाली, पाणी प्यायलो तर पाणी आंबट लागलं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर होतं ना, तसं. समोरचा सहकारी खूश होऊन हसत म्हणाला, ‘ला’ म्हणजे तिखट, ते तुला येतं, हे ‘मा’ आहे, म्हणजे मुंग्या. आणि मा करणारा दाणा म्हणजे ह्वाज्याव. सूप जपून पी, असंही कुणी म्हणालं नाही, कारण ते सूप कुणी पीतच नाही.

त्या पातेल्यातलं तेल बहुतेक ठिकाणी गायीची चरबी असते हे मला नंतर कळलं. माझ्यासोबतचा पुण्याचा सहकारी पक्का शाकाहारी, त्याचे हाल कुत्रा खाईना. ‘मी शाकाहारी आहे’ हे चिनी वाक्य त्याने मोबाइलवर लिहून ठेवलं होतं, ते दाखवून घेवड्याच्या शेंगा मागवल्या तरी त्यात डुकराचा खिमा भुरभुरवलेला, त्यांच्या हिशेबाने भाजी ती भाजीच. शेवटी त्याला वनशू मठातल्या शाकाहारी खानावळीचा शोध लागला, बौद्ध मठ, तिथे मांस नाही. पण थाळीत सोयाचं ‘मांस’ हुबेहूब खऱ्यासारखं करून ठेवलेलं, ते बघूनच त्याला मळमळलं.

हाताने खाण्यावरून पण मला बरंच छळलं. एकदा एक जण अगदी काळजीने विचारत होता की हाताने जेवणं स्वच्छ असतं का, आणि विचारत असताना त्याच्या दोन्ही हातांत प्लास्टिकचे मोजे होते आणि मोज्यात सशाचं मुंडकं, तो त्याचा जबडा उघडून जीभ शोधत होता. छंगतूचा हा आवडता चटकमटक पदार्थ आहे. मी म्हटलं, बाबा रे, आपण दोघं एकाच पंगतीतले.

रविवारी मी पीपल्स पार्कमधल्या चहाच्या अड्ड्यावर जायचो. बांबूच्या खुर्च्या, झाकणाचा कप, एका चहावर दिवसभर बसा, गरम पाणी ओतत राहतात. आसपास पत्ते, माहजोंग, आणि कान साफ करणारे चिमटा टिणटिण वाजवत फिरतात. तिथे परदेशी लोकांचं एक टोळकं असायचं, बहुतेक इंग्रजी शिकवणारे, आणि त्यांचं एकच गाऱ्हाणं, लोक टक लावून बघतात, रांगेत घुसतात, मोठ्याने बोलतात. मी म्हटलं मला तर घरच्यासारखं वाटतं. त्यातला एक जण आठ वर्षं तिथे होता आणि दर आठवड्याला सोडून जायच्या गोष्टी करायचा.

आता मंडईची गोष्ट. मावशीला चिनीत ‘आयी’ म्हणतात, त्यामुळे बाजारात कुणी पोरगा मोठ्याने ‘आयी’ ओरडला की सुरुवातीला मी दचकून मागे बघायचो. तर अशाच एका आयीच्या टोपलीत लालसर, उकललेली, बोराच्या बीपेक्षाही लहान टरफलं होती. वास घेतला आणि जागीच उभा राहिलो. बांगड्याचं तिखलं! तिखल्यात पडतं ते आपलं तिरफळ आणि हे ह्वाज्याव, दोन्ही एकाच वंशातली झाडं, आपल्याकडेही बी फेकून टरफलच वापरतात, फक्त हे जास्त चढतं. आयी हातवारे करून चावून बघ म्हणाली, मी चावलं, डोळ्यांत पाणी, आणि ती ‘बाशऽ बाशऽ’ करत हसतेय, म्हणजे झकास. तिला मोबाइलवर पैसे हवे होते, माझं चिनी बँक खातं अजून झालं नव्हतं, शेवटी दहा युआनची नोट तिने उलटसुलट करून बघत घेतली.

भावाच्या फोनवर वीचॅट टाकून दिलं होतं, तिथेच व्हिडिओ लावला. आमच्यापेक्षा अडीच तास मागे, घरी नुकती चूल पेटलेली. आईला मूठभर दाणे कॅमेऱ्यासमोर धरून दाखवले.

“ह्यां तिरफळ मां रे?” ती म्हणाली. “केवढ्याक दितत?”

मी म्हटलं मूठभर शंभर रुपयांना.

“शंभर रुपये! हयसर झाडाखाली पडान कुसता.”