आमची सात आसनी गाडी विकायची आहे

कोथरूडमधील आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गेली अकरा वर्षे उभी राहत आलेली महिंद्रा एक्सयूव्ही ५०० आम्ही विकायची ठरवली आहे. २०१४ ची नोंदणी, एमएच १२ पासिंग, २.२ लिटरचे डिझेल इंजिन, सहा गिअर, पहिलाच मालक आणि १,१२,००० किलोमीटर धाव, एवढे जाहिरातीत मावते. मात्र अकरा वर्षांच्या जुन्या गाडीसाठी साडेचार लाख रुपये मोजणाऱ्या कुटुंबाला याहून पुष्कळ अधिक कळायला हवे, असे मला मनापासून वाटते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी घेतली तेव्हा घरात आम्ही सहा माणसे होतो आणि गुहागरला आमचे जुने घर आहे. गणपती, होळी आणि मे महिना अशा वर्षातून तीन फेऱ्या ठरलेल्या असत. खंबाटकी ओलांडून साताऱ्याला, तेथून पाटण, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, असा आमचा रस्ता. आईचे गुडघे दुखत असल्यामुळे तिला लहान गाडीत खाली वाकून बसणे आणि पुन्हा वर उठणे जमत नसे. या गाडीत बसल्यावर मात्र तिने तशी तक्रार कधी केली नाही. आता मुलगा बंगळूरला असतो, मुलगी सासरी आहे, आणि पत्नी वनाझहून मेट्रोने कामाला जाते. गाडी आठवड्यातून एकदा भाजीपाल्यासाठी बाहेर निघते. डिझेल इंजिनाला हे मानवत नाही. पुरते गरम होण्याआधीच ते बंद होते, आत काजळी साचत जाते आणि बॅटरीही उतरते. म्हणून तीन माणसांचे कुटुंब असेल आणि रोज सात-आठ किलोमीटरवरच्या कार्यालयापर्यंतच जायचे असेल, तर ही गाडी घेऊ नये, असे मी समोर आलेल्या दोन खरेदीदारांना स्पष्ट सांगितले. त्यांच्यासाठी पेट्रोलवरची लहान गाडीच योग्य.

तिसऱ्या रांगेविषयीही खरे तेच सांगतो. तेथे बारा-तेरा वर्षांपर्यंतची मुले आनंदाने बसतात. मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी येतात आणि एखादा तास बसल्यावर पाठ अवघडते. शिवाय सातही जागा भरल्या, की मागे दोन-तीन पिशव्यांपलीकडे काही मावत नाही. आम्ही मागची एक सीट दुमडून सहा जण बसत असू आणि मोकळ्या जागेत सामान ठेवत असू. परत येताना त्याच जागेत आंब्याच्या पेट्या येत. माझ्या मते ही व्यवस्थाच या गाडीचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि जाहिरातींत नेमका हाच गुण कोणी लिहीत नाही.

आता झीज. क्लच प्लेट ८४,००० किलोमीटरला बदलली, आणि तो दोष चालवणाऱ्याचा, म्हणजे माझाच होता. उड्डाणपूल होण्याआधी चांदणी चौकातील कोंडीत अर्ध्या क्लचवर गाडी रेटण्याची सवय मला लागली होती. आज क्लच हलका आहे. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. पुढचे ब्रेक पॅड गेल्या वर्षी बदलले. टायरवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. त्यावरून पाहिले तर चारही टायर २०२२ चे आहेत. स्टेपनी मात्र मूळचीच, २०१४ ची आहे. ती दिसायला कोरी आहे, परंतु इतक्या वर्षांत रबर कडक होते, त्यामुळे लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी नव्या मालकाने ती अवश्य बदलावी. गुहागरच्या खाऱ्या हवेमुळे गंज धरू नये म्हणून दर दोन वर्षांनी खालून गंजरोधक लेप दिला आहे, आणि गाडी समुद्रकिनाऱ्यावर वाळूत एकदाही नेलेली नाही. तरीही सायलेन्सरच्या एका जोडावर वरवरचा गंज आहे. डाव्या मागच्या दारावर इमारतीच्या फाटकाचा ओरखडा आहे.

गेल्या महिन्यात एका दलालाने मला मीटर सत्तर हजारांवर आणण्याचा सल्ला दिला. लाखाच्या वरचा आकडा पाहून गिऱ्हाईक परत जाते, असे त्याचे म्हणणे. मी त्याला घरातून जायला सांगितले. आकडा कमी दाखवला, तर पुढच्या मालकाचे प्रत्येक सर्व्हिसिंग आणि इंजिनाचा प्रत्येक पट्टा बदलण्याचा हिशेब चुकतो, आणि घाटात मुलाबाळांसह तीच गाडी चालवणारा माणूस ती चूक भोगतो. सर्व्हिसची सगळी बिले मी तारखेनुसार फाइलमध्ये लावून ठेवली आहेत. मीटरवरील आकडा कोणीही त्यांच्याशी ताडून पाहावा.

कागदपत्रे थोडक्यात सांगतो. कर्ज २०१९ मध्ये फिटले, बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरील, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील, कर्जाचा बोजा उतरवला आहे. पीयूसी चालू आहे, नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे, एकही चलन थकलेले नाही. नोंदणी २०२९ पर्यंत आहे. पुढे तपासणीत गाडी योग्य ठरली, तर पाच-पाच वर्षांनी ती वाढवता येते. दिल्ली परिसरातील दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध पुण्यात नाहीत, हे अनेकांना माहीत नसते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव बदलण्याचा अर्ज मी स्वतः सोबत येऊन करीन, कारण नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी माझ्या माथी राहू शकते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करावा. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, मात्र गाडीबरोबर जात नाही, तो माझ्याकडेच राहतो, हे विम्याचा हप्ता मोजताना धरावे.

पाहायला सकाळी यावे, इंजिन थंड असताना. बॉनेटला हात लावून खात्री करावी आणि मगच गाडी सुरू करावी. थंड डिझेल इंजिनाचा आवाज आणि धूर लपवता येत नाही. ओळखीचा मेकॅनिक जरूर आणावा. घरातील आजी-आजोबांनाही आणावे आणि त्यांना मधल्या रांगेत दोन-तीनदा चढू-उतरू द्यावे. किंमत ४ लाख ५० हजार रुपये आहे, स्टेपनीचे पैसे मी त्यातून वजा करीन. ताबा दिवाळीनंतर देता येईल, कारण आईला या गाडीतून आणखी एकदा गुहागरला जायचे आहे.