इझोल्डचे बूट

चपला घ्यायच्या म्हटल्या की आमची आई दुकानदाराचा अंत पाहते. प्राथमिक शाळेत तीस वर्षं उभं राहून शिकवलेली बाई ती. चपला घालून दुकानात चार फेऱ्या, मग एका जागी नुसतं उभं राहणं, मग परत फेऱ्या. रंगाबिंगाचं तिला काही नाही. "चावली नाही म्हणजे झालं." परवा त्या चौथ्या फेरीला मला बिर्गिट निल्सन आठवली आणि मी एकटीच हसले.

ही स्वीडनची ऑपेरातली, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकातली, गायिका. 1918 सालचा जन्म, शेतकऱ्याची एकुलती एक लेक. वडिलांची इच्छा, पोरीनं शेत सांभाळावं. पोरीनं सांभाळलं जर्मन संगीतकार वाग्नरला. त्याच्या 'ट्रिस्टान आणि इझोल्ड'मधली इझोल्ड ही तिची सगळ्यात गाजलेली भूमिका. मध्यंतरं वगळून चार तासांच्या आसपास चालणारा ऑपेरा, आणि पहिला अंक तर जवळजवळ इझोल्डच्याच गळ्यावर उभा. ही भूमिका निभावायचं गुपित काय, असं विचारल्यावर बाईंचं उत्तर होतं: आरामशीर बूट.

लोक हे विनोद म्हणून सांगतात. मला तो निम्माच विनोद वाटतो.

अशा भूमिका गाणाऱ्या बायकांच्या आवाजाला ड्रॅमॅटिक सोप्रानो म्हणतात, आणि तो म्हणजे नुसता उंच आवाज नव्हे. समोर शंभरेक वादक, मागे साडेतीन हजारांवर खुर्च्या आणि माइक नाही. ओरडून उपयोग नसतो. तासाभरात गळा बसेल. आपल्या कानाला 2000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यातलं सगळ्यात चटकन ऐकू येतं आणि वाद्यवृंदाचा मुख्य जोर असतो त्याच्या बराच खाली. त्या मोकळ्या पट्ट्यात ज्याचा आवाज चमकतो, तो पितळी वाद्यांच्या डोक्यावरून जातो. कुकरची शिट्टी शेजारच्या बिऱ्हाडात पोचते ती काही फार मोठी असते म्हणून नव्हे, चिरत जाते म्हणून. (तुलना बाईंना आवडली असती की नाही कोण जाणे, पण शेतावरची बाई होती, रागावली नसती.) आणि हा आवाज निघतो श्वासाच्या आधारावर. तो आधार पोटापाठीतून खाली जातो आणि शेवटी तळव्यांवरच येऊन टेकतो. बूट चावत असेल तर सगळा डोलारा डळमळणार.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती 18 डिसेंबर 1959 ला इझोल्ड म्हणून पहिल्यांदा उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या मोठ्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकली. त्याहून मजा दहा दिवसांनी झाली. ट्रिस्टान गाणारे तिन्ही टेनर, म्हणजे उंच आवाजाचे पुरुष गायक, आजारी! पूर्ण भूमिका एकालाही झेपेना, तेव्हा प्रत्येकानं एकेक अंक वाटून घेतला. तीन अंकांना तीन प्रियकर, इझोल्ड मात्र एकच. ती पहिल्या अंकात गायली, दुसऱ्यात गायली आणि तिसऱ्याच्या शेवटी, ट्रिस्टान मेल्यावर, इझोल्डच्या मृत्युगीतालाही ताजीच होती. आणि तिथं नुसतं जोरात गाऊन भागत नाही. अखेरचा सूर हळुवार, विरत जाणारा लागतो. चार तासांनंतर. मला सगळ्यात थोर वाटतं ते हे. उंच सूर मारणारे पुष्कळ सापडतात.

इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या 'तुरांदोत' या ऑपेरात उलटा प्रकार. पहिल्या अंकात राजकन्या तुरांदोत नुसती दिसते, गात नाही. दुसऱ्या अंकात तोंड उघडते ते थेट एका जीवघेण्या गाण्यालाच. गाणं एकूण बेताचंच, पण सगळं कड्याच्या टोकावर. इझोल्डनं मला नाव दिलं आणि तुरांदोतनं पैसा, असं ती म्हणे. सोबतचा टेनर फ्रांको कोरेल्ली आणि तिची, वरचा सूर कोण जास्त वेळ धरतो अशी चढाओढ चाले. किस्सा असा की एकदा हरलेला कोरेल्ली रुसला, तेव्हा चुंबनाच्या प्रसंगात तिच्या मानेला चावा घे, असा सल्ला मेट्रोपॉलिटनचा व्यवस्थापक रुडॉल्फ बिंगनं त्याला दिला. बाईंनी बिंगला तार केली: पुढच्या गावी येऊ शकत नाही, मला रेबीज झालाय.

चपला घेऊन घरी आलो त्या रात्री आईला मी तिची 1980 ची 'एलेक्ट्रा' लावून दिली. रिचर्ड स्ट्रॉस या संगीतकाराचा हा एकअंकी ऑपेरा, पावणेदोन तासांचा, आणि एलेक्ट्रा एकदा रंगमंचावर आली की अखेरपर्यंत हलत नाही. त्या वेळी निल्सनबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या.

भाषा कळत नव्हतीच. आईनं थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "हिला माइक नाही?"

"नाही."

"आणि किती वेळ उभी आहे गं ही?"

मी सांगितलं. आईनं नव्या चपला अजून पायातच ठेवल्या होत्या, सवय व्हावी म्हणून. पडद्यावर एलेक्ट्राचा शेवटचा नाच सुरू झाला तशी ती पुढे सरकून बसली.

"अगं, खुर्ची द्या म्हणावं कुणीतरी तिला."