आजींचा महिना बरोबर होता

मी इंदूरला डिमेन्शियाच्या एका जेनेटिक स्टडीत फील्डवर आहे, म्हणजे घरोघरी जायचं, साठीच्या पुढच्यांची स्मरणशक्तीची टेस्ट घ्यायची आणि रक्ताची एक ट्यूब घेऊन यायची. मागच्या पितृपक्षात रामबागेतल्या एका आजींचं रक्त राहिलं होतं. टेस्ट चार दिवस आधी आमच्या हिंदीवाल्या दादाने घेतलेली, स्कोअर इतका कमी की फॉर्मवर 'केस', म्हणजे डिमेन्शिया आहे, असं लिहून मोकळा.

सूनबाई म्हणाल्या पक्ष चालू आहे, आत्ता रक्तबिक्त नको, चहा घ्या. म्हणून बसल्या बसल्या फॉर्म वाचला. महिना कोणता? भाद्रपद. चूक! मला हसूच आलं, अहो आपला मराठी महिना अमावास्येला संपतो आणि हिंदीवाल्यांचा पौर्णिमेला, त्यामुळे पितृपक्षात आपला भाद्रपदच असतो आणि त्यांचा क्वार, म्हणजे आश्विन, लागलेला असतो. पुढे लक्षात ठेवायचे शब्द आम, कुर्सी, सिक्का. आजी म्हणाल्या आंबा, खुर्ची, नाणं. नाणं दादाला कळलंच नाही, तिथेही शून्य.

आता हसू गेलं. एपीओई या जीनचा ई-४ हा प्रकार आणि अल्झायमर यांचा संबंध १९९३ मध्ये कळला, पण आजवरचा बहुतेक डेटा युरोपियन वंशाच्या लोकांचा, आफ्रिकन वंशात तोच ई-४ कमी धोका दाखवतो, मग आपल्याकडे काय ते आपलीच माणसं तपासून कळणार ना. लासी-डॅड या देशव्यापी सर्व्हेच्या अंदाजाने साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांना डिमेन्शिया आहे. आणि इथे डीएनए कितीही नीट वाचला तरी त्याच्यासमोर 'केस' की 'नॉर्मल' हे ठरवणार आमचा हा कागद.

मी तिथेच परत मराठीतून टेस्ट घेतली, स्कोअर बराच वर गेला. खूश होणार तेवढ्यात आजी म्हणाल्या, चहा घेतलास का गं? कप माझ्या हातात होता. अर्ध्या तासात तीनदा विचारलं. निघताना सूनबाई दाराशी हळूच म्हणाल्या, दोनदा गॅस चालू राहिला होता हो. मग मी 'केस' खोडलं आणि 'नॉर्मल' पण लिहिलं नाही, डॉक्टरांनी परत बघावं एवढं लिहून ठेवलं.

संध्याकाळी ऑफिसात पितृपक्षात भरलेले मराठी आडनावांचे सगळे फॉर्म परत काढले. दादा जाम वैतागला, म्हणे, यार तुम लोगों का तो कैलेंडर ही अलग है.