तीन प्रवास, एक यादी आणि होस्टेलची खोली

त्या मोसमात आमच्या घरातून तीन प्रवास निघणार होते. पहिला चार दिवसांचा, गाडीने. दुसरा अकरा दिवसांचा, विमानाने. तिसरा लेकीला कॉलेजच्या होस्टेलवर पोचवायचा. बॅगा त्याच, माणसं तीच, म्हणून यादीही एकच ठेवली. वहीच्या पानावर डावीकडे वस्तू आणि पुढे तीन रकाने. पहिल्या दोन प्रवासांत जी वस्तू बॅगेतून बाहेरच निघाली नाही तिच्यावर काट मारायची, जी दुसऱ्याकडून मागून घ्यावी लागली ती खाली नव्याने लिहायची. इंटरनेटवरच्या तयार होस्टेल-याद्या मी बघितल्या आणि सोडून दिल्या. त्या लिहिणाऱ्यांना सामान जिन्यावरून चढवायचं नसतं.

पण सामानाच्या आधी तारखा. फी भरायची मुदत, कागदपत्रं अपलोड करायची मुदत आणि खोली ताब्यात मिळायचा दिवस, हे तीन आधी कॅलेंडरवर लाल शाईने लिहिले आणि उरलेल्या जागेत सहली बसवल्या. दुसरा प्रवास संपल्यापासून होस्टेलला निघेपर्यंत दहा दिवस मोकळे ठेवले. त्यातले तीन नुसते कपडे धुऊन वाळण्यात जातात. बॅगेची चेन किंवा चाक हमखास गेलेलं असतं, ते दुरुस्तीला टाकावं लागतं. प्रवासातून कोणी ना कोणी सर्दी-ताप घेऊन येतं. दहाचे पाच करायचा मोह होतो, तो करू नये.

फीची मुदत आमच्या दुसऱ्या प्रवासाच्या मधोमध येत होती. पैसे खात्यात असूनही अशा वेळी घोडं अडतं ते ओटीपीपाशी. तो बँकेत नोंदवलेल्या नंबरवरच येतो आणि ते सिम परमुलखात किंवा डोंगरात मुकं होऊन बसतं. शिवाय नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू न देणाऱ्या बँका बऱ्याच आहेत, आणि रोजच्या व्यवहाराची मर्यादा असते ती वेगळीच. फीचा आकडा नेमका त्या मर्यादेच्या वर जातो. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी खातं जोडलं, मर्यादा वाढवून घेतली आणि फी भरूनच निघालो. पावतीची पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवली, कारण पोर्टलवर ‘प्रलंबित’ दिसत राहिलं तर व्यवहार क्रमांक दाखवण्याशिवाय दुसरा इलाज नसतो.

कागदपत्रांत खरी डोकेदुखी नावाची. एका कागदावर मधलं नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनाव आधी. माणसाला ते एकच नाव वाटतं, पोर्टलला वाटत नाही. मी सगळे कागद टेबलावर मांडले आणि प्रत्येकावरचं नाव जसंच्या तसं, अक्षर न अक्षर, एकाखाली एक उतरवून काढलं. फरक लगेच डोळ्यांत भरतो. दुरुस्तीला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी, सहलीची तिकिटं काढण्याच्याही आधी.

स्कॅन ३०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ३०० ठिपक्यांच्या स्पष्टतेला, करावेत. फोनने काढायचे तर कागद खिडकीजवळ सपाट ठेवावा आणि आपली सावली त्यावर पडू देऊ नये. शिक्का मागच्या बाजूला असेल तर ती बाजूही हवी; फाइल परत येण्याचं हे एक नेहमीचं कारण. फाइलच्या नावात मोकळी जागा किंवा चिन्हं ठेवू नयेत, काही पोर्टल तेवढ्यावरूनच फाइल नाकारतात. मूळ कागद एका पारदर्शक फोल्डरमध्ये, आणि ते फोल्डर कायम हातातल्या बॅगेत. कॉलेज मूळ कागद ठेवून घेत असेल तर सहीशिक्क्याची पोच घ्यावी, आणि देण्याआधी तीन-तीन प्रती काढून ठेवाव्यात. मूळ कागद एकदा कपाटात गेला की प्रत काढण्यासाठी परत मिळवणं सोपं नसतं.

आरोग्याचा फॉर्मही शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. लसींची नोंद, रक्तगट, चष्म्याचा नंबर हे सगळं त्यात लागतं. होस्टेलमध्ये राहायला जाणाऱ्यांना मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज येण्याच्या आजाराची) लस घ्यायला कित्येक देशांत सांगतात. घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण घ्यायची असेल तर जाण्याच्या किमान दोन आठवडे आधी, कारण संरक्षण तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो.

आता वजन. विमानाच्या इकॉनॉमी तिकिटावर चेक-इनसाठी २३ किलो ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी दिसते, पण १५ किंवा २० किलोही असते, त्यामुळे तिकिटावरचा आकडा वाचावा. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटर हे माप पुष्कळ विमान कंपन्या धरतात. एकच बॅग ३२ किलोंच्या वर गेली तर जादा पैसे देऊनही ती सहसा घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न असतो. मोठी रिकामी सूटकेसच तीन ते पाच किलोंची भरते, हे मात्र कोणी धरत नाही.

दुसऱ्या प्रवासात आम्ही हवा काढायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरल्या. रजई आणि स्वेटर दाबून पापडासारखे झाले, बॅगेत भरपूर जागा उरली, आणि त्या जागेत आम्ही आणखी सामान कोंबलं. काट्यावर ठेवली तर २७ किलो. हवा काढल्याने आकार कमी होतो, वजन तेवढंच राहतं. बॅग अर्धी रिकामी दिसते तिथेच फसायला होतं. तेव्हापासून अशी पिशवी भरली की बॅगेचं वजन तिथल्या तिथे करते. घरातला वजनकाटा चालतो: आधी आपण एकटं उभं राहायचं, मग बॅग उचलून, आणि वजाबाकी. एक किलोची ढील ठेवावी, कारण काटे सगळीकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

पुस्तकं-वह्यांचा हिशोब तर कागदावरच होतो. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, ए-फोर आकाराचा एक कागद पाच ग्रॅमचा; ५०० कागदांचं रीम अडीच किलो. म्हणजे अशा कागदाची २०० पानी वही पुठ्ठा सोडून अर्ध्या किलोची. सहा कोऱ्या वह्या नेल्या की तीन किलो गेले, आणि वह्या कुठेही मिळतात. यादीतून पहिली काट त्यांच्यावर पडली.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकता येत नाही, हातातल्या बॅगेतच हवी. मर्यादा १०० वॅट-अवरची; वॅट-अवर हे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप. तिच्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. पॉवर बँकेवर एमएएच छापलेलं असतं, त्याला ३.७ ने गुणून १००० ने भागायचं. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, चालते. २७,००० ला शंभर जवळजवळ भरतात. छापलेलं पुसलं गेलं असेल तर तपासणीत अडवतात, हिशोब तोंडी सांगून उपयोग नाही.

शांपूची बाटली सांडते ती झाकण सैल असल्यामुळेच असं नाही. उडत्या विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो, त्यामुळे बाटलीत अडकलेली हवा फुगते आणि शांपूला बाहेर ढकलते. बाटली दाबून हवा काढायची, तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा धरून त्यावर झाकण फिरवायचं आणि ती वेगळ्या पिशवीत घालायची. एवढं केल्यावर आमच्याकडे काही सांडलं नाही.

पहिल्या दोन प्रवासांचा दुसरा उपयोग कामं तिच्या हातात द्यायला झाला. दुसऱ्या प्रवासात चेक-इन तिने केलं, औषधांची पिशवी तिच्याकडे, खोलीची किल्लीही तिच्याकडे. तेव्हाच एक गोष्ट उघडी पडली: कॉलेजच्या अर्जात ईमेल माझा होता आणि मोबाइल नंबरही माझाच. भरताना सोयीचं वाटलं होतं. पण पुढची चार वर्षं प्रत्येक ओटीपीसाठी तिने मला फोन करायचा का? परत आल्यावर बँक, कॉलेज, दवाखाना, सगळीकडे तिचा नंबर घातला. बदल एका दिवसात होत नाहीत. काही ठिकाणी जुन्या नंबरवरही ओटीपी येतो, म्हणून दोन्ही फोन शेजारी ठेवूनच बसावं.

औषधांत एक गोष्ट कोणी सांगत नाही. पिशवीत मावावी म्हणून गोळ्यांची पट्टी कापली की नाव, तारीख आणि मात्रा ज्या तुकड्यावर असते तो नेमका फेकला जातो. पट्टी अख्खी न्यावी. पॅरासिटामॉल ५०० मिलीग्रॅमची गोळी मोठ्या माणसाला चार ते सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत आठच्या वर कधीही नाही. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, ते याच आठांत मोजायचं. हे लेकीला पट्टी हातात देऊन वाचायला लावलं. ओआरएसच्या मोठ्या पुडीवर एक लिटर पाणी लिहिलेलं असेल तर एक लिटरच. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकली की क्षारांचं प्रमाण बिघडतं. थर्मामीटर डिजिटल, आणि एक जादा सेल.

कपडे किती, याचं उत्तर धुण्याच्या वारावर ठरतं. आठवड्यातून एकदा धुणार असेल तर सात दिवसांचे अधिक तीन, बस. टॉवेल दोन. ओला टॉवेल बंद कपाटात राहिला की वास धरतो आणि त्याची बुरशी शेजारच्या कपड्यांना लागते, म्हणून टॉवेलपेक्षा दोरी आणि चिमटे महत्त्वाचे. शेवटचे दोन महिने स्वतःचे कपडे तिनेच धुतले. पहिली चूक पावडर जास्त टाकण्याची: फेस कपड्यात राहतो, कापड ताठ होतं आणि अंगाला खाज सुटते. दुसरी, खिशातला टिश्यू. तिसरी, नवा गडद कपडा सगळ्यांत मिसळणं. शिवणीची आतली कड ओली करून पांढऱ्या फडक्यावर दाबायची. फडक्याला रंग लागला तर तो कपडा वेगळा. हे करून दाखवायला दोन मिनिटं लागतात.

चादरीचं माप न विचारता घेणं ही माझी स्वतःची चूक. होस्टेलला फोन करून गादीची लांबी, रुंदी आणि जाडी विचारावी, पलंगाखाली किती उंची आहे तेही. गादी १९० बाय ९० सेंटीमीटर आणि १० जाड असेल तर चादरीची रुंदी ९०, अधिक दोन्ही बाजूंची जाडी २०, अधिक खाली खोचायला १५-१५, म्हणजे १४०. लांबी तशीच २४०. मी आणलेली चादर १२० रुंद होती. ती पसरली की दिसायला ठीक, पण एका कुशीवर वळलं की निघून येते. पलंगाखालची उंची कळली तर तिथे जाणारा डबा नेता येतो. आमचा डबा दोन बोटांनी अडला असता, निघण्याआधीच बदलला.

एक्स्टेन्शन बोर्डवर अँपिअर लिहिलेले असतात. ज्या देशात वीज २३० व्होल्टची आहे तिथे ६ अँपिअरचा बोर्ड १३८० वॅट सोसतो. पाणी तापवायची किटली बहुधा १५०० वॅटची, म्हणजे त्या बोर्डावर ती लावायचीच नाही. किटली-इस्त्रीला मनाई असते ती उगाच नव्हे. होस्टेलचे नियम वाचून मगच विजेची वस्तू बॅगेत टाकावी, नाहीतर पहिल्याच दिवशी जमा करून घेतात.

खोली मिळाली की सामान दारातच ठेवायचं आणि आधी खोली बघायची. फोनचा चार्जर घेऊन प्रत्येक सॉकेट. नळ उघडून बंद. खिडकीची कडी, कपाटाचं बिजागर, पलंगाच्या फळ्या. तडा, डाग, तुटकं हँडल जे दिसेल त्याचा फोटो, आणि ताबा घेण्याच्या कागदावर तेच लिहून मग सही. वर्षअखेरीस अनामत रकमेतून कापाकापी होते ती या कागदावरून. घाईत सही मागतात. दहा मिनिटं मागून घ्यावीत, मिळतात. दोन किल्ल्यांपैकी एक तिच्या पाकिटात, दुसरी बॅगेच्या आतल्या खिशात; दोन्ही एकाच रिंगमध्ये अडकवल्या तर दोन असून उपयोग नाही.

कपाट मी लावायला घेतलं होतं. ‘आई, राहू दे, मला सापडायला हवं ना,’ म्हणाली, ते बरोबर होतं. मी चादर अंथरली, दोरी बांधली आणि थांबले.

जाताना रिकामी घडीची पिशवी नेली होती, ती भरून परत आणली: तिसरी उशी, टेबल लॅम्प कारण तिथे होता, दोन जादा हँगर-संच, सगळ्या बरण्या. बासष्ट वस्तूंनी सुरू झालेली यादी शेवटी एकोणचाळीसवर थांबली होती. नेलकटर दोन्ही प्रवासांत माझ्या पाकिटात होता, त्यामुळे तो यादीत कधी आलाच नाही. तिसऱ्या दिवशी तिने तिथेच विकत घेतला.